स्प्रिंगचं दार

वेंगुर्ल्याच्या मांडवीवरचा ‘प्रभात बार’
पाच महिने निळ्या ताडपत्रीखाली होता.
तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात ताडपत्री उतरली
आणि नावात एक शब्द वाढलेला दिसला : फॅमिली.
त्या एका शब्दाला धरून निवू म्हणाली,
“चल गे आये, बघून तरी येवया.”

बावीस वर्षं मी इथे आलेय,
पण मागून.
मागे मोरी, मोरीला लागून अळूचं रान,
दगडावर टोपली टेकवून मी तिसऱ्या मोजायची
आणि तातू गिरप, बोटाला थुंकी लावून, नोटा.

पुढून आले ती फक्त रात्रीची, न जेवता.
पुढे स्प्रिंगचं हिरवं दार होतं, अर्धंच,
छातीपासून गुडघ्यापर्यंतचं.
वर ट्यूबलाइट आणि धूर,
खाली नुसते पाय.
वाड्यातल्या निम्म्या पुरुषांना
मी अजून पायांवरून ओळखते :
चेपला अंगठा दाजी कुबलाचा,
बुटातले पोस्टातल्या मुणनकरांचे,
आणि डाव्या टाचेला जाळ्याची दोरी कापल्याचा वण,
ते आमचे.
मी बाहेरून विचारायची, “आसत काय?”
तातू आतून, गिऱ्हाइकाशी इमान राखून,
“आत्ताच गेले.”
वण हलायचा.
हळूच खुर्चीखाली मागे सरकायचा.

आता दार काचेचं.
त्यात पहिली मीच दिसले,
इस्त्रीच्या साडीत, वसुलीला आल्यासारखी.
ढकलायचं की ओढायचं ते कळेना,
आतून एका नेपाळी पोराने उघडलं.

आत गारठा.
करवंट्यांचे दिवे, भिंतीवर एक वल्हं,
पाण्याला कधी न लागलेलं.
तातूचा रुपेन, जहाजावर सात वर्षं कांदे चिरून आलेला,
हात जोडून म्हणाला, “काकी, खिडकीकडे बसा.”
खिडकी?
इथे भिंत होती, तिला बाहेरून टेकून मी घाम पुसलाय.
भिंत पाडली तर खाडीचं तोंड निघालं,
बत्ती, परतणारे दोन ट्रॉलर, सगळं.
इतकी वर्षं ही माणसं समुद्राच्या कुशीत बसून
साबणाच्या कॅलेंडरकडे बघत पीत होती.

कार्ड जड. निवूने वाचलं :
तिसऱ्या सुक्के, तीनशे वीस.
मी म्हटलं, परत वाच.

आल्या एकोणीस. मोजल्या, सवयीने.
वाट्यावर वर मूठभर फुकट घालायची माझी रीत,
ती मूठ या बशीत दिसेना.
खोबरं बरं भाजलंय, सोलं कमी.
अकराव्या शिंपीत वाळू कचकली.
बोलले नाही.
पण आता यांना कोण घालतं ते कळलं.

निवूने माझ्याकडे न बघता बियर मागवली.
तिच्याकडे न बघता मी एक घोट चाखला.
कडू.
एवढ्यासाठी?

त्यांनाही म्हटलं होतं, चला.
साखर निघाली तेव्हा दारू सुटली,
तरी नुसता सोडा घेऊन बसायला यायचे;
बार सुटायला ही रंगरंगोटी लागली.
“त्या काचेच्या कपाटात माका कोण वळाखतलो?”
म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नऊला निवूचा फोन वाजला. तेच.
“आवस खय गेली गो? भात निवलो.”
निवूने माझ्याकडे बघितलं.
माझ्यासमोर अजून सात शिंप्या होत्या
आणि बत्तीचा उजेड पाण्यावरून फिरून
दर वेळी माझ्याच टेबलाशी येत होता.
“सांग,” म्हटलं, “आत्ताच निघाली.”

काच पार जमिनीपर्यंत आहे,
रस्त्यावरून सगळं दिसतं.
तरी मी पाय हळूच
खुर्चीखाली ओढून घेतले.